'उद्यापासून' : आरोग्याच्या सवयी आणि आपली चालढकल

आपल्या बोलण्यात दिवसातून किती वेळा 'उद्यापासून' हा शब्द येतो याची कुणी मोजदाद केली, तर ती मोठी मनोरंजक होईल. उद्यापासून पहाटे उठणार, सोमवारपासून पळायला जाणार, एक तारखेपासून तंबाखू बंद, परीक्षा संपली की व्यायाम सुरू! यातला प्रत्येक संकल्प बोलणाऱ्याच्या मनात त्या क्षणी अगदी खरा असतो, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. ज्याला व्यायाम करायचाच नाही तो चालढकल करीत नाही. तो 'मला जमायचे नाही' म्हणून मोकळा होतो. चालढकल हा इच्छा असणाऱ्यांचा रोग आहे, आणि म्हणूनच तो अभ्यासण्याजोगा आहे.

संस्कृतात अशा मनुष्याला 'दीर्घसूत्री' म्हणतात. ज्याचा धागा लांबतच जातो तो. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची लक्षणे सांगितली आहेत, त्यांत हा शब्द अगदी शेवटी येतो. गंमत अशी, की 'आळशी' हे लक्षण तिथे वेगळे दिलेले आहे. म्हणजे आळशी आणि दीर्घसूत्री हे दोन निराळे लोक आहेत! त्याहून अर्थपूर्ण गोष्ट ही, की 'दीर्घसूत्री'च्या लगतच 'विषादी', म्हणजे खिन्न मनाचा, हा शब्द आहे. फ्युशिया सिरॉइस व टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली जवळजवळ हाच शेजार दाखवून दिला. त्यांच्या मते चालढकल ही वेळेच्या नियोजनातली चूक नसून ताबडतोब बरे वाटावे म्हणून मनाने काढलेली पळवाट आहे. 'उद्यापासून' म्हटले की आजची टोचणी थांबते. संकल्प केल्याचे समाधान आज मिळते आणि कष्ट उद्याच्या माथी जातात. इतका स्वस्त सौदा कोण सोडील?

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्मांनी युधिष्ठिराला तीन मत्स्यांची गोष्ट सांगितली आहे. कोळी तळ्यातले पाणी उपसू लागतात तेव्हा पहिला मासा, अनागतविधाता, वाट आहे तोवर दुसऱ्या डोहात निघून जातो. दुसरा, प्रत्युत्पन्नमती, जाळ्यात सापडूनही ऐन वेळी युक्ती करून निसटतो. तिसरा 'इतकी घाई कशाला' म्हणत राहतो आणि मरतो. पंचतंत्रात या तिसऱ्याचे नाव 'यद्भविष्य' आहे. तो दैवावर हवाला ठेवणारा. महाभारतात मात्र त्याचे नावच 'दीर्घसूत्र' आहे. आरोग्याच्या बाबतीत आपल्यात हे दोन्ही मासे भेटतात. 'नशिबात असेल ते होईल' म्हणणारे आजोबा पहिल्या प्रकारचे. 'पाहू पुढच्या महिन्यात' म्हणणारे आपण दुसऱ्या प्रकारचे.

अभ्यासाची चालढकल निदान परीक्षेच्या तारखेपाशी येऊन थांबते. आरोग्याला तारीख नसते. रक्तातली साखर वाढत असते तेव्हा दुखत नाही, रक्तदाब वाढतो तेव्हा बहुधा काही जाणवत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यावर आपल्या वयाच्या मुलांचे ठरलेले उत्तर असते : 'मी सडपातळ आहे, मला काय होणार?'

या उत्तराचा समाचार पुण्यातच घेतला गेला आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास १९९३ पासून चालविला आणि असे दाखविले, की आपली मुले जन्मतः वजनाला हलकी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! काटा सारखाच वजन दाखवतो म्हणून निर्धास्त राहणाऱ्या प्रत्येक सडपातळ मराठी तरुणाने हे छायाचित्र एकदा पाहावे.

'दिवसभर कंपनीत उभाच असतो, वेगळा व्यायाम कशाला?' हे दुसरे उत्तर आपल्या पिंपरी-चिंचवडचे खास. उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे. १९५३ साली जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना केली. तिकिटे देत दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. खाते तेच, रस्ता तोच. फरक फक्त हालचालीचा.

तेव्हा करायचे आहे, हे सर्वांना मान्य आहे. मग घोडे अडते कुठे?

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे या संदर्भात लोकमान्य टिळकांचे उदाहरण नेहमी ठेवले जाते, आणि ते योग्यच आहे. १८७२ साली मॅट्रिक झाल्यावर टिळक डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा त्यांची प्रकृती अशक्त होती. त्यांनी कॉलेजचे पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून तालीम, कुस्ती, पोहणे यांत घालविले. 'आधी बी. ए. होऊ, मग शरीराकडे पाहू' असे त्यांनी म्हटले नाही. पुढे मंडालेच्या तुरुंगवासाला तोंड द्यावे लागले तेव्हा या शरीरसंपदेचा उपयोग झाला असे चरित्रकार सांगतात. हे सारे स्फूर्तिदायक खरेच. पण या उदाहरणाची एक अडचण बोलून दाखवली पाहिजे. ज्याला संपूर्ण वर्ष काढता येते त्याने ते जरूर काढावे. परंतु जो चाकणला आठ तास काम करून दुपारी वर्गात येतो, त्याला वर्ष सोडा, आठवडाही काढता येत नाही. थोरांचे उदाहरण पाहून त्याच्या मनात 'करायचे तर असे' ही भावना उत्पन्न होते, आणि 'असे' जमत नाही म्हणून काहीच सुरू होत नाही. मोठा संकल्प हे चालढकलीचे आवडते लपण्याचे ठिकाण आहे.

रोज दहा हजार पावले चालण्याचा जो मंत्र हल्ली ज्याच्या त्याच्या मनगटावर चमकतो, त्याचे मूळ पाहण्यासारखे आहे. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक उपकरण बाजारात आले, त्याचे नावच 'दहा हजार पावलांचा मापक' अशा अर्थाचे होते. म्हणजे आकडा प्रयोगशाळेतून नव्हे, दुकानातून आला! जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, म्हणजे रोज बावीस मिनिटांपासून पुढे. पूर्वी हा व्यायाम एका वेळी किमान दहा मिनिटे तरी झाला पाहिजे अशी अट होती. २०२० च्या मार्गदर्शनात तीही काढून टाकली आहे. तुकड्यातुकड्यांनी केलेला व्यायामही धरला जातो.

आता आपल्या भागाच्या खऱ्या अडचणीकडे वळू. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला, पुढे चिंचवड, आकुर्डी, भोसरी असा औद्योगिक पट्टा वाढला, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण मोटारींचे गाव झाले. या सर्व काळात इथल्या घरांचे घड्याळ पाळीवर चालत आले आहे. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. आणि पुष्कळ ठिकाणी ती आठवड्याला बदलते. कुणाला रविवारी सुट्टी, कुणाला आठवड्याच्या मधल्याच वारी. त्यातून चाकणच्या चौकात गाड्या अडल्या की घरी पोचण्याच्या वेळेचा काही भरवसा नाही.

आरोग्यावरची बहुतेक पुस्तके मात्र 'रोज पहाटे पाच वाजता' या शब्दांनी सुरू होतात. ती ज्यांनी लिहिली त्यांना रोज पाच वाजतात! इथे या आठवड्यात पाच वाजता मनुष्य कंपनीच्या बससाठी अंघोळ करीत असतो, पुढच्या आठवड्यात गाढ झोपेत असतो आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात यंत्रापुढे उभा असतो. मग 'पाळी बदलली की सुरू करू' हे वाक्य जन्माला येते. पाळी तर दर आठवड्याला बदलते. परिणामी सुरुवात कधीच होत नाही आणि दोष मात्र 'इच्छाशक्ती'च्या माथी मारला जातो.

याचे उत्तर याच कारखान्यांत टांगलेले आहे, असे मला वाटते. शॉपमधल्या चांगल्या यंत्राशेजारी एक तक्ता असतो. कुठे तेल घालायचे, कुठला नट आवळायचा, कुठली जाळी साफ करायची, हे त्यावर लिहिलेले असते. १९७० च्या दशकात जपानमध्ये रूढ झालेल्या देखभालीच्या पद्धतीत हे काम मेंटेनन्सवाल्यांवर न सोपवता यंत्र चालविणाऱ्यानेच करायचे असते. ते केव्हा करायचे? घड्याळ पाहून नव्हे, तर 'पाळीच्या सुरुवातीला'. मग पाळी सकाळची असो की रात्रीची. यंत्राला तेल घालण्याचे काम गुढीपाडव्यापासून सुरू करू, असे कुणी म्हणत नाही. आणि आज संपूर्ण यंत्र उघडायला वेळ नाही म्हणून तेलही घालत नाही, असेही कुणी म्हणत नाही. काम छोटे आहे, ते कशानंतर करायचे ते ठरलेले आहे आणि केल्याची खूण करायला चौकट आहे. एवढ्या तीन गोष्टींवर लाखो रुपयांचे यंत्र टिकते. ब्रेकडाउन झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हे स्वस्त पडते, हे कारखान्यातल्या कुणाही कामगाराला समजावून सांगावे लागत नाही. तोच कामगार स्वतःच्या देहाची मात्र ब्रेकडाउन होईपर्यंत वाट पाहतो!

म्हणजे सवयीला वेळ नव्हे, निमित्त हवे. 'रोज सहा वाजता चालेन' याऐवजी 'कंपनीच्या बसमधून उतरलो की घरी जाण्याआधी दोन चकरा मारीन'. 'रात्री दहाला दात घासीन' याऐवजी 'जेवणाचे ताट ठेवले की दात घासीन', मग ते जेवण रात्री दहाचे असो वा सकाळी आठचे. घड्याळ बदलते, ताट बदलत नाही.

ही केवळ कल्पना नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी 'अमुक घडले की मी तमुक करीन' अशा स्वरूपाच्या संकल्पांवर बरेच संशोधन केले आहे. त्याच धर्तीवर इंग्लंडमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर २४८ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरच झालेला आहे. आठवड्यात एकदा वीस मिनिटे चांगला व्यायाम करायचा, एवढीच अपेक्षा होती. एका गटाला काहीच विशेष सांगितले नाही; त्यातल्या ३८ टक्क्यांनी व्यायाम केला. दुसऱ्या गटाला हृदयविकाराविषयीची प्रभावी माहिती वाचायला दिली. प्रमाण ३५ टक्के, म्हणजे व्याख्यानाचा उपयोग शून्य! तिसऱ्या गटाला तीच माहिती दिली, पण व्यायाम कोणत्या दिवशी, केव्हा आणि कोठे करणार ते लिहून काढायला लावले. प्रमाण ९१ टक्के. प्रयोग फार थोड्या काळाचा होता, तेव्हा त्यावर इमला बांधू नये. तरी प्राध्यापकवर्गाने त्यातील दुसऱ्या गटाचा आकडा अवश्य मनात ठेवावा.

निमित्ताची ही युक्ती आपल्या परंपरेलाही अपरिचित नाही. चातुर्मासाचा 'नेम' आठवा. आषाढी एकादशीला धरायचा, कार्तिकीला सोडायचा. तो लहानसा असतो, त्याला आरंभ आणि शेवट असतो, चारचौघांना ठाऊक असतो आणि रोजच्या एखाद्या कृतीला, म्हणजे अंघोळीला, पूजेला किंवा जेवणाला, चिकटलेला असतो. आपल्या आज्यांनी मानसशास्त्र वाचलेले नव्हते. पण 'आजपासून मी सर्वस्वी सात्त्विक होणार' असा नेम त्यांनी कधी धरला नाही. नेम वांग्याचा धरला.

वारीचेही तसेच. देहूहून तुकोबांची आणि आळंदीहून ज्ञानोबांची पालखी ज्येष्ठ वद्यात निघते. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम तर आपल्या आकुर्डीला असतो. एरवी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गाडी काढणारा मनुष्य या दिवसांत पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालतो. त्याची इच्छाशक्ती एकाएकी वाढते काय? भक्ती आहेच; पण हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात सोहळ्याला जी शिस्त लावून दिली, तिच्यामुळे चालायचे की नाही हा प्रश्न रोज पहाटे नव्याने उद्भवतच नाही. दिंडीचा क्रमांक ठरलेला, रथाच्या पुढे की मागे ते ठरलेले, विसावा ठरलेला. दिंडी निघाली की पाय निघतात. आणि याची दुसरी बाजूही आहे : पंढरपूरहून परत आल्यावर पुष्कळांचे 'ये रे माझ्या मागल्या' होते. वीस दिवस चाललेले पाय एकविसाव्या दिवशी पुन्हा गाडीवर! दिंडी उरली नाही, निमित्त उरले नाही.

इथे 'एकवीस दिवसांत सवय लागते' या प्रसिद्ध समजुतीचा विचार करावा लागेल. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली आपल्या पुस्तकात लिहिले, की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात. त्यातला 'निदान' गळून गेला, चेहराही गळून गेला, आणि एकवीस दिवस तेवढे राहिले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली यांनी ९६ स्वयंसेवकांवर बारा आठवडे केलेला अभ्यास २००९ साली पुढे आला. प्रत्येकाने खाणे, पिणे वा व्यायाम यांतील एक गोष्ट रोज ठराविक निमित्ताने करायची होती. ती अंगवळणी पडायला लागणारा काळ १८ दिवसांपासून गणिताने काढलेल्या २५४ दिवसांपर्यंत निघाला. मधला आकडा ६६. पाणी पिण्याची सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा.

याच अभ्यासातील एक निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एखाद्या दिवशी खंड पडला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. थोर तत्त्ववेत्ते विल्यम जेम्स यांनी १८९० साली आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात नेमके उलट सांगितले होते. सवय रुजेपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नका. दोऱ्याचा गुंडा एकदा हातून निसटला की अनेक वेढ्यांचे श्रम उलगडून जातात, असा त्यांचा दृष्टान्त होता. दृष्टान्त सुंदर आहे, पण आपल्या पट्ट्यात तो घातक ठरेल. इथे अचानक ओव्हरटाइम लागतो, बदलीवाला येत नाही, पाहुणे येतात. खंड पडणारच. 'एकही अपवाद नको' असे ठरविणाऱ्याच्या हातून पहिला अपवाद झाला, की 'आता मोडलेच, तर पुढच्या महिन्यापासून' हा युक्तिवाद तयार असतो. चालढकल दुसऱ्यांदा घरात शिरते ती या दारातून. महिन्याच्या, आठवड्याच्या वा वर्षाच्या आरंभी व्यायामशाळेत गर्दी वाढते, हे २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही दिसले आहे. नव्या आरंभाचा उत्साह चांगलाच. पण खंड पडल्यावर पुढची एक तारीख न शोधता पुढचे ताट, पुढची बस शोधावी.

तयारी हेही चालढकलीचे एक सोज्ज्वळ रूप. बूट घ्यायचे आहेत, जिमची फी भरायची आहे, चांगला आहारतक्ता मिळवायचा आहे! औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (हे औंध सातारा जिल्ह्यातले, आपल्या सांगवीपलीकडचे नव्हे) आधी सँडोच्या पद्धतीने व्यायाम करीत. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले, त्यांनी तो आपल्या संस्थानच्या शाळांत सुरू केला आणि देशभर त्याचा प्रसार केला. नमस्काराला देहाच्या लांबीएवढी जागा पुरते, आणि सबबीला फारसा वाव राहत नाही.

मात्र सारे काही निमित्तावर सोपवून चालणार नाही. म्हाळुंगे-चाकणच्या बाजूला 'कॉट बेसिस'वर राहणारी मुले एका खोलीत तीन पाळ्यांची असतात. एकाची झोप सुरू होते तेव्हा दुसऱ्याचा कुकर शिट्टी देतो. रात्रपाळीचे काम बहुधा कर्कजनक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली म्हटले आणि २०१९ साली पुन्हा तेच मत दिले. हा धोका दहा नमस्कारांनी टळणारा नव्हे. पाळीचा तक्ता पुरेसा आधी लागावा, कँटीनमध्ये वडापावाबरोबर केळेही मिळावे, या गोष्टी ज्यांच्या हातात आहेत त्यांची चालढकल आपल्या चालढकलीहून महाग पडते. कारखान्यात २५० हून अधिक कामगार असतील तर कँटीन सक्तीचे करण्याची तरतूद १९४८ च्या कायद्यातच झाली होती. ती कामगाराच्या मनोनिग्रहावर सोडलेली नव्हती.

आपल्या वर्गातही पहिल्या तासाला मागच्या बाकावर जे दोघे-चौघे डुलक्या घेत असतात, ते बऱ्याचदा रात्रपाळी करून थेट कंपनीच्या बसने आलेले असतात. त्यांना 'पहाटे उठत जा' असे सांगून काय उपयोग? पहाटेपर्यंत ते झोपलेलेच नसतात.